साठीच्या अलीकडे

सकाळचे नऊ वाजायला आले की वहिनी उठते, खांद्याला पर्स अडकवते आणि दाराशी जाऊन उभी राहते. दाराची कडी आता चौकटीच्या अगदी वर आहे, तिची नजर जात नाही अशा जागी. ती दार ओढून बघते, ढकलून बघते, मग वळून म्हणते, "गाडी जाईल माझी." चोवीस वर्षं तिने कर्जतहून खोपोलीची लोकल पकडली, खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवायला. नोकरी सुटून चार वर्षं झाली, पण पायांना ते कुणी सांगितलेलं नाही.

सुरुवातीला आम्ही तिला खरं सांगायचो. वहिनी, तू आता शाळेत जात नाहीस. मग ती रडायची, नाहीतर हात उगारायची. त्यानंतर "आज सुट्टी आहे" सुरू केलं. ते आठवडाभर चाललं. मग मावशी आल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, कशेळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरच्या. त्या भिंतीला टेकून खाली मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "बाई, हजेरी राहिली ना घ्यायची."

वहिनी पर्स खाली ठेवते. खुर्चीवर बसते, जुना लांबट हजेरीपट मांडीवर उघडते आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवते. अक्षरं आता तिला लागत नाहीत. ती नुसता हुंकार देते. मावशी म्हणतात, "हजर." बोट खाली सरकतं. पुन्हा "हजर", या वेळी बारीक आवाजात. मग घोगऱ्या आवाजात. मध्येच वहिनी थांबते, चष्म्यावरून बघते. "नीट बस." मावशी पाठ ताठ करतात. पान संपेपर्यंत गाडी निघून गेलेली असते.

मावशी तिला 'बाई' म्हणतात, कारण शाळेत शिकवणारी ती बाईच. आणि आमच्या आळीत मावशींचा उल्लेख होतो तो "त्यांच्याकडची चोवीस तासांची बाई" असा. हा लेख या दोन बायांविषयी आहे.

वहिनीला पहिल्यांदा चुकायला लागलं तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. सन २०१९. पोषण आहाराच्या वहीत तांदळाची शिल्लक जुळेना. ज्या बाईने आयुष्यभर आम्हा सगळ्यांचे घरखर्च तोंडी मांडून दिले, ती फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहिताना अडकली आणि मुलांनी तिला हातचा सांगितला. ते तिने हसत हसत घरी सांगितलं होतं. आम्हीही हसलो. पुढच्या वर्षी शाळा बंद झाल्या, मोबाइलवरून शिकवणं आलं. तिला जमेना. पण त्या दिवसांत कुणाला जमत होतं? दीड वर्ष तिचा आजार त्या गोंधळाच्या आडोशाला वाढला.

मग एका संध्याकाळी ती घरी आलीच नाही. कर्जत ते खोपोली मधली स्टेशनं चारच: पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी. ती लौजीच्या बाकावर बसलेली सापडली, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिच्यासमोरून कर्जतच्या गाड्या येऊन गेल्या होत्या. आपली कोणती, हे तिला ठरवता आलं नव्हतं.

तरी आम्ही स्मृतिभ्रंश हा शब्द मनात आणला नाही. आपल्या भाषेनेच तो साठीच्या पलीकडे नेऊन ठेवला आहे. साठी बुद्धी नाठी, असं आपण सहज म्हणून जातो. मराठीत या आजारावर निघालेला 'अस्तु' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यात मोहन आगाशे यांनी उभा केलेला माणूस निवृत्त संस्कृत प्राध्यापक आहे. तो चित्रपट मला फार जवळचा आहे. पण तो पाहताना आपल्या डोळ्यांपुढे आजी-आजोबा येतात. बावन्न वर्षांची, केस काळे असलेली, मुलाच्या कॉलेजची फी भरायची बाकी असलेली बाई येत नाही.

खरं तर हा आजार ज्या रुग्णामुळे जगाला कळला ती म्हातारी नव्हतीच. ऑगुस्ट डेटर नावाची जर्मन बाई नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली, तेव्हा तिचं वय ५१ होतं. नवरा रेल्वेत कारकून. घरी सांभाळणं त्याच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिला तपासलं, तिचं बोलणं शब्दन्‌ शब्द टिपून ठेवलं. १९०६ मध्ये ती गेल्यावर तिच्या मेंदूची तपासणी केली आणि त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या परिषदेत ते निष्कर्ष मांडले. पुढची कित्येक दशकं 'अल्झायमर' हे नाव ऐन उमेदीत होणाऱ्या स्मृतिभ्रंशालाच लावत असत. म्हाताऱ्यांचं विसरणं म्हणजे नुसतं म्हातारपण, असा समज होता. १९७० नंतरच्या काळात दोन्ही एकच आजार असल्याचं मान्य झालं. ते योग्यच झालं, पण त्या गर्दीत ऑगुस्टच्या वयाची माणसं मागे ढकलली गेली.

माझा दादाही रेल्वेत आहे. कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिनं जोडतात, त्या धावपळीतली त्याची पाळीची नोकरी. फर्स्ट, सेकंड, नाईट. ऑगुस्टच्या नवऱ्याची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला मावशी मिळाली नसणार."

निदान व्हायला आम्हाला तीन वर्षं लागली. एका डॉक्टरांनी पाळी जाण्याच्या वयातली चिडचिड म्हटलं, दुसऱ्यांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. नेदरलँडमधल्या एका अभ्यासात कमी वयाच्या रुग्णांना निदानापर्यंत पोचायला सरासरी ४.४ वर्षं लागलेली दिसली, जास्त वयाच्यांना २.८. म्हणजे आमचं काही जगावेगळं झालं नाही. याचं एक कारण असं की, कमी वयात हा आजार बऱ्याचदा विसरण्यापासून सुरूच होत नाही. आकडे चुकतात, शब्द सापडत नाहीत, पायरी किती खोल आहे ते कळत नाही, कुलपात किल्ली जात नाही. कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागाला झिजवणारा दुसरा एक प्रकार आहे, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. त्यात सुरुवातीला आठवण बरीच शाबूत राहते आणि स्वभाव बदलतो. खोपोलीतल्या एका कारखान्यातले सुपरवायझर मी पाहिले. सत्तावन्न वर्षांचे, आयुष्यभर शिस्तीचे. ते दुकानात जाऊन पैसे न देता पेढे उचलायला लागले. घरच्यांनी आधी दारूचा संशय घेतला, मग बाधेचा. देवरुषी झाला, उतारे झाले.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. दिसायला अशीच, पण बरी होणारी दुखणी असतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, डोक्याला मार लागून आत साकळलेलं रक्त, काही जंतुसंसर्ग. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआय टाळू नयेत. वहिनीचं बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आणि तीन महिने आमच्या घरात दिवाळी होती. ते भरून निघालं, विसरणं थांबलं नाही. २०२२ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञांनी अल्झायमर असं लिहून दिलं. तेव्हा तीही ५१ वर्षांची होती.

तोवर आम्ही आमच्या हाताने एक मोठी चूक करून बसलो होतो. शाळेतल्या चुका वाढल्या, बोलणी बसायला लागली, तिला अपमान सोसवेना. चौकशी लागण्यापेक्षा सुटलेली बरी, असं आम्ही घरात बसून ठरवलं आणि २०२१ मध्ये तिच्याकडून स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही घेतली. सही करताना तिने विचारलं होतं, "हे कसलं आहे?" दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्याच्या कलम २०(४) प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या माणसाला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, हुद्दा उतरवता येत नाही. काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यायचं. तेही नसेल तर निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पद द्यायचं. जिल्हा परिषदेलाही हे लागू आहे. यादीत स्मृतिभ्रंश असा वेगळा शब्द नाही. मानसिक आजाराच्या किंवा मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजाराच्या रकान्यात बसवून प्रमाणपत्र मिळवावं लागतं. पण दार आहे. आम्ही ते न ठोठावताच बाहेर पडलो आणि तिची आठ वर्षांची नोकरी घालवली.

बँकेचंही तसंच. एका गृहस्थांनी सुचवलं म्हणून कुलमुखत्यारपत्र करून घ्यायला निघालो, तर वकिलांनी थांबवलं. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं. नेमकं जेव्हा उपयोगी पडायचं तेव्हाच ते कागद होतं. म्हणून खातं संयुक्त करणं, वारस नोंदवणं, इच्छापत्र करणं, हे सगळं निदान झाल्याबरोबर, माणसाला समजतंय तोवर उरकावं. तिच्या संमतीने उरकावं, हेही लिहून ठेवते.

आता साठीच्या रेघेकडे येते. आपल्या देशात ६० वर्षांपुढच्या ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या पाहणीवर आधारलेला, चांगला अंदाज आहे तो. पण मोजणीच साठीपासून सुरू होते. जगभरात ३० ते ६४ वयाच्या ३९ लाख लोकांना हा आजार असावा, असं २०२१ मधला एक अभ्यास सांगतो. त्यात वहिनी कुठेतरी आहे. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम साठीपुढचा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा 'ज्येष्ठ' म्हणतो ते साठीपासून. आयकराच्या जुन्या करपद्धतीत स्मृतिभ्रंशाच्या उपचारखर्चाला वजावट मिळते. रुग्ण साठीपुढचा असेल तर १ लाखापर्यंत, अलीकडचा असेल तर ४० हजारांपर्यंत. ज्याचा पगार बंद झाला, ज्याचं घराचं कर्ज फिटलेलं नाही, त्याला कमी.

सगळ्यात मला लागलं ते आशाताईच्या फॉर्मचं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरोघर जाऊन भरते. खोकला, साखर, रक्तदाब, गाठी. त्यात एक प्रश्न असा आहे की, जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? तो प्रश्न साठीपुढच्यांच्या भागात आहे. आमच्या दारात आशाताई आली, वहिनीसमोर बसली, सगळं विचारलं आणि तो भाग कोरा सोडून उठली. तिची चूक नाही. फॉर्मच तसा आहे. एका ओळीची जागा बदलायची आहे फक्त, आणि ती बदलावी, असं माझं सरकारला सांगणं आहे.

कर्जत तालुका तसा या बाबतीत अगदीच उघडा नाही. नेरळजवळ डिग्निटी संस्थेची ज्येष्ठांसाठी वसवलेली वसाहत आहे, स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांची काळजीही तिथे घेतली जाते. कर्जतजवळच डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा फाउंडेशनचं केंद्र आहे. रस्त्यावर हरवलेल्या मनोरुग्णांना आणून, बरं करून, त्यांच्या गावी घरच्यांच्या हवाली करण्याचं काम तिथे २००६ पासून चालतं. डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. लौजीच्या त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा ते केंद्र आठवलं. ती खोपोलीऐवजी मुंबईच्या किंवा पुण्याच्या गाडीत चढली असती तर? पण वहिनी ज्येष्ठ नाही आणि बेघरही नाही. इतरत्र तीन-चार ठिकाणी फोन केले. वय ऐकलं की पलीकडचा आवाज अवघडायचा. "चालत्याफिरत्या आहेत का? मग कठीण आहे." उरतं ते घर, आणि घरात राहणारी बाई.

या चालण्याफिरण्यातच सगळं आहे. ऐंशीच्या आजींचे पाय आजाराच्या आधी थकलेले असतात. वहिनीचे पाय दणकट आहेत. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तिला कुठेतरी 'घरी' जायचं असतं. डॉक्टर सांगतात, हे या आजारात होतंच. आपल्याकडे त्या वेळेला कातरवेळ म्हणतात, तो शब्द मला या दिवसांत नव्याने कळला. मग मावशी तिला घेऊन निघतात. दहिवलीतून उल्हास नदीच्या कडेने, वहिनी पुढे, मावशी दोन पावलं मागे. अडवायचं नाही, वाट वळवायची, ही मावशींची रीत. चार-पाच किलोमीटर चालून वहिनी स्वतःच म्हणते, "चल, घरी जाऊ." पावसाळ्यात ते जमत नाही. धो धो पाऊस, त्यात लाइट गेलेली, आणि दाराशी पर्स घेऊन उभी वहिनी. आषाढ-श्रावणातल्या त्या रात्री मोजून काढाव्या लागतात.

घरही मावशींनीच हळूहळू बदललं. मोरीत सगळं पांढरं होतं. पांढऱ्या फरशीवर पांढरी बादली वहिनीला दिसायचीच नाही. मावशींनी लाल बादली, लाल मग आणवला आणि आंघोळीचं भांडण निम्मं झालं. कपाटाच्या आरशावर जुनं लुगडं टाकलं, कारण आतल्या बाईला वहिनी घाबरायची. गॅसचा रेग्युलेटर प्रत्येक वेळी काढून ठेवायचा. जेवणाचं ताट एकदम मांडायचं नाही, आधी भात, मग भाजी. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. त्यांनी माणसाकडे बघून शिकून घेतलं.

मावशींच्या आधी सात महिन्यांत पाच बाया बदलल्या. ब्युरो बाई पाठवतो, पहिल्या महिन्याचं कमिशन घेतो, दीड महिन्याने बाई बदलतो, पुन्हा कमिशन. वहिनीसारखीला चेहरा ओळखीचा व्हायलाच महिना लागतो. पण त्या बायांनाही मी बोल लावणार नाही. 'पेशंटची बाई' म्हणजे अंथरुणाला खिळलेली म्हातारी, डायपर बदलायचा, औषध द्यायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. इथे पेशंट त्यांच्याच वयाची, त्यांच्याहून ताकदवान, रात्री दोनला उठून साडी नेसायला बसणारी. एक जण पंधराव्या दिवशी रडत गेली. ती सलग तीन रात्री झोपली नव्हती आणि आमच्यापैकी कुणी तिला ते विचारलं नव्हतं.

'चोवीस तासांची बाई' या शब्दातच अन्याय आहे, हे मला तेव्हा कळलं. माणूस चोवीस तासांचा कसा असेल? महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. नोंदणी १८ ते ६० वयात होते. इथेही साठी आहेच. पण कामाचे तास किती, झोप किती, सुट्टी कोणत्या वारी, हे अजून घरमालकाच्या मनावर आहे. घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी हे तपासायला समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितलं. तोवर प्रत्येक घराने आपापला कायदा करायचा.

आमचा असा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा मावशी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपतात. त्या वेळात वहिनी उठली तर दादा, नाहीतर पुतण्या. दादाची नाईट असेल त्या आठवड्यात मी डोंबिवलीहून येते. दुपारी दोन तास मावशींचे स्वतःचे. रविवारी पूर्ण सुट्टी, भातलावणीला आठ दिवस सुट्टी, पगार न कापता. पगार थेट त्यांच्या खात्यात. वहिनीच्या पेन्शनमधला निम्म्याहून जास्त भाग त्यातच जातो आणि तो तिथेच जायला हवा. आजारावर ज्या गोळ्या आहेत त्यांनी वहिनीला थोडा आधार दिला असेल. पण तिचा दिवस आज नीट जातो तो मावशी दोन वर्षं टिकल्यामुळे, आणि मावशी टिकल्या त्या झोप मिळाल्यामुळे. ज्या घरात हे जमत नाही तिथे घरची बाई चोवीस तासांची होते. खोपोलीच्या त्या सुपरवायझरांच्या घरात बायको ती झाली आहे. पोळ्यांची ऑर्डर घेत घेत ती नवऱ्याला सांभाळते. पुरुषाला सांभाळायला 'मामा' लागतो आणि तो परवडत नाही.

पुतण्या बावीसचा आहे. एकदा त्याने विचारलं, "आत्या, मलाही होईल का गं?" कमी वयात होणाऱ्या अल्झायमरपैकी अगदी थोडे थेट वारशाने येतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या, लहान वयातच, आजार दिसलेला असतो. वहिनीच्या माहेरी तसं काही नाही. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून हे समजावलं. तरी किल्ली कुठे ठेवली ते आठवेना की तो गप्प होतो, आणि घरातले सगळे दुसरीकडे बघतात.

तुमच्या घरात, शेजारी, शिक्षकांच्या खोलीत, कारखान्यात कुणी पन्नाशीतच असं चुकू लागलं असेल, तर राजीनाम्यावर सही घेण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. कुणाशी बोलावं हेच कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे वय विचारून परत पाठवत नाहीत.

रविवारी हजेरीला मी बसते. माझं "हजर" वहिनीला पटत नाही. ती बोट एका ओळीवर रोखून खोलीभर बघते. "ती कुठाय?" मी सांगते, सुट्टीवर. मग ती पेन्सिल मागते आणि त्या ओळीवर सावकाश एक रेघ ओढते. तुमच्याकडे अशी बाई कामाला असेल तर तिच्या सुट्टीचा वार आजच ठरवा, आणि त्या दिवशी घरात कोण थांबणार, तेही.